गोल्फ व्हिडिओ गेममधील उंचीफरक आणि लॉफ्ट

गोल्फच्या व्हिडिओ गेममध्ये चेंडू जिथून मारायचा ती जागा आणि तो जिथे पडावा ती जागा बहुधा एका पातळीवर नसतात. या दोन जागांमधील उभा फरक लक्षात घेऊन फटक्याचे अंतर, क्लबची निवड आणि चेंडूचा उड्डाणमार्ग बदलणे याला उंचीफरकाची दुरुस्ती म्हणतात. क्लबच्या पात्याचा तिरपेपणा, म्हणजे लॉफ्ट, कमीजास्त करून चेंडू उंच किंवा सपाट उडवणे ही तिच्याशी जोडलेली दुसरी दुरुस्ती होय. नवशिका खेळाडू या दोन गोष्टी स्वतंत्र समजतो. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात: उंचीफरकाचा परिणाम किती होणार हे चेंडू कोणत्या कोनाने खाली येतो यावर ठरते, आणि तो कोन बऱ्याच अंशी लॉफ्टवर अवलंबून असतो.

वास्तवाच्या जवळ जाणाऱ्या गेममध्ये ही दुरुस्ती चुकली की उत्तम वेळ साधून मारलेला फटकाही दहाबारा यार्ड आखूड किंवा लांब पडतो. ग्रीनच्या अलीकडे वाळूचा खड्डा आणि पलीकडे पाणी असेल, तर तेवढ्याने डाव हातचा जातो.

परिभाषा

मराठीत 'उंची' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्यातून बराच घोटाळा होतो. पहिली गोष्ट म्हणजे चेंडूची जागा आणि झेंडा यांच्या पातळ्यांतील फरक. या लेखात तिला उंचीफरक म्हटले आहे. दुसरी, उड्डाणात चेंडू गाठतो तो सर्वोच्च बिंदू; त्याला शिखर म्हणता येईल. तिसरी, मैदानाची समुद्रसपाटीपासूनची उंची. ही तिसरी उंची वाढली की हवा विरळ होते, हवेचा विरोध घटतो आणि चेंडू सर्वच दिशांना अधिक लांब जातो. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. तिथल्या मैदानांवर नेहमीच्या क्लबने चेंडू लक्षणीय लांब जातो, मग फटका चढाचा असो वा उताराचा. उंचीफरकाच्या दुरुस्तीशी या परिणामाचा संबंध नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो.

'लॉफ्ट' या इंग्रजी शब्दाला कोश 'माळा' असा मराठी पर्याय देतात. तो इथे निरुपयोगी असला तरी नाते अगदीच तुटलेले नाही: हवा, आकाश आणि घराचा वरचा मजला असे अर्थ असलेल्या जुन्या नॉर्स शब्दापासून हे दोन्ही अर्थ निघाले आहेत. गोल्फमध्ये लॉफ्ट म्हणजे क्लबचे पाते उभ्या रेषेपासून जितके मागे कललेले असते तो कोन. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ९ ते १२ अंश असतो, ७ क्रमांकाच्या आयर्नचा ३० ते ३४ अंश, पिचिंग वेजचा ४४ ते ४८ अंश आणि सँड वेजचा ५४ ते ५८ अंश. चेंडू मात्र लॉफ्टइतक्या कोनाने उडत नाही. आघाताच्या क्षणी दांडा लक्ष्याकडे झुकलेला असतो आणि आयर्न खाली उतरत असताना चेंडूला भिडतो, त्यामुळे उड्डाणकोन लॉफ्टपेक्षा बराच कमी भरतो. पीजीए टूरवरील व्यावसायिकांच्या ट्रॅकमॅन रडारने घेतलेल्या मोजमापांत ७ आयर्नचा सरासरी उड्डाणकोन सुमारे १६ अंश येतो. उरलेला तिरपेपणा चेंडूला उलटी फिरकी देण्यात खर्च होतो, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

पायथागोरसचा मोह

झेंडा १६० यार्ड दूर आणि २४ फूट, म्हणजे ८ यार्ड, वर आहे असे समजू. शाळेतील भूमिती नुकतीच शिकलेला विद्यार्थी लगेच काटकोन त्रिकोण काढतो: पाया १६०, उंची ८, तर कर्ण किती? उत्तर येते १६०.२ यार्ड. यावरून चढाचा परिणाम वीतभरच आहे असा निष्कर्ष निघतो, आणि खेळात चेंडू ग्रीनच्या सहासात यार्ड अलीकडे पडतो.

चूक गणितात नाही, चित्रात आहे. चेंडू कर्णावरून सरळ जात नाही. तो वर चढतो, शिखर गाठतो आणि तिरका खाली येतो. जमीन सपाट असती तर तो ज्या बिंदूवर टेकला असता, तिथपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वर आलेली जमीन त्याला आडवी येते. म्हणून किती अंतर कापले गेले हे मोजताना त्रिकोण चेंडूच्या सुरुवातीच्या जागेशी काढायचा नाही. तो उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्याशी काढायचा. या छोट्या त्रिकोणाची उभी बाजू म्हणजे उंचीफरक, आडवी बाजू म्हणजे गमावलेले किंवा मिळालेले अंतर, आणि त्यातील कोन म्हणजे चेंडूचा अवतरणकोन. उंचीफरकाला अवतरणकोनाच्या टॅन्जंटने भागले की अंतरातील बदल मिळतो.

खेळाडूंमध्ये प्रचलित असलेला 'तीन फुटांना एक यार्ड' हा आडाखा याच सूत्राचे सर्वांत सोपे रूप आहे. तीन फूट म्हणजेच एक यार्ड. तेव्हा हा आडाखा उंचीफरक आणि अंतरातील बदल समान धरतो. हे अवतरणकोन ४५ अंश असतानाच तंतोतंत खरे ठरते, कारण ४५ अंशांचा टॅन्जंट १ असतो. इतर कोनांना आडाखा थोडा थोडा ढळतो.

अवतरणकोन

वर उल्लेखिलेल्या मोजमापांनुसार पुरुष व्यावसायिकांचा ड्रायव्हरचा चेंडू सरासरी सुमारे २७५ यार्ड हवेतून जातो आणि ३८ अंशांनी खाली येतो. ३ वूडचा अवतरणकोन ४३ अंश, ५ आयर्नचा ४९, ७ आयर्नचा ५० आणि पिचिंग वेजचा ५२ अंश आहे. शिखराची उंची मात्र या सर्व क्लबांना जवळजवळ सारखीच, ३० यार्डांच्या आसपास असते. प्रथम ऐकणाऱ्याला हे खरे वाटत नाही. लहान क्लबचा चेंडू उंच गेल्यासारखा दिसतो, कारण तो तीच उंची निम्म्या अंतरात गाठतो.

या कोनांवरून प्रत्येक यार्ड उंचीफरकामागे होणारा बदल काढता येतो. ड्रायव्हरला तो सुमारे १.२८ यार्ड येतो, ३ वूडला १.०७, ५ आयर्नला ०.८७, ७ आयर्नला ०.८४ आणि पिचिंग वेजला ०.७८. म्हणजे टी ३० फूट उंचावर असेल, तर ड्रायव्हरचा चेंडू जवळपास १३ यार्ड अधिक जाईल, पण तेवढ्याच उतारावर वेज जेमतेम ८ यार्ड अधिक जाईल. 'तीन फुटांना एक यार्ड' हा आडाखा दोघांनाही १० यार्ड सांगतो. ड्रायव्हरच्या बाबतीत फेअरवे रुंद असतो आणि तीन यार्डांनी सहसा बिघडत नाही. वेजने झेंड्यावर नेम धरलेला असताना दोन यार्डांची चूक पुढील पटाची लांबी ठरवते.

सूत्राला एक मर्यादा आहे. अवतरणाचा मार्ग सरळ रेषा नसून खाली येताना अधिकाधिक उभा होत जाणारा वक्र असतो. त्यामुळे मोठ्या उतारावर मिळणारे अंतर सूत्रापेक्षा थोडे कमी भरते आणि मोठ्या चढावर गमावलेले अंतर थोडे जास्त. साधारण दहा यार्डांपर्यंतच्या फरकाला ही सुधारणा दुर्लक्षिली तरी चालते. जॉर्जियातील ऑगस्टा नॅशनलच्या दहाव्या होलसारख्या, सुमारे १०० फूट खाली उतरणाऱ्या होलवर ती दुर्लक्षिता येत नाही. त्याच मैदानाचे चढउतार दूरचित्रवाणीवर सपाट भासतात. तिथले होल २०११ च्या 'टायगर वूड्स पीजीए टूर १२' मध्ये खेळता येऊ लागले, तेव्हा केवळ प्रक्षेपण पाहिलेल्यांना त्या उतारांची कल्पना आली.

पाठ्यपुस्तकातील प्रक्षेप गती इथे अर्धीच उपयोगी पडते. निर्वात अवकाशात चेंडूचा मार्ग सममित अन्वस्त असतो: ज्या कोनाने उडाला त्याच कोनाने तो पडतो. ड्रायव्हरचा उड्डाणकोन ११ अंशांच्या जवळपास असतो. तो ११ अंशांनीच खाली आला असता, तर एक यार्ड उंचीफरकाने पाच यार्डांहून अधिक बदल घडला असता. खरा चेंडू हवेचा विरोध सोसतो, पुढे जाताना वेग गमावतो आणि उलट्या फिरकीमुळे त्याला वर उचलणारे बल मिळते. म्हणून तो हळुवार चढतो आणि त्यामानाने उभा पडतो. या फिरकीचे महत्त्व एडिनबरा विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकातील लेखांतून दाखवून दिले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ सालचा ब्रिटिश हौशी विजेता होता, त्यामुळे घरातच उत्तम प्रयोगसामग्री उपलब्ध होती.

एखादा गेम उंचीफरक कसा हाताळतो हे ओळखण्याची युक्तीही यातून मिळते. गेममध्ये केवळ अन्वस्त वापरला असेल, तर सपाट फटक्यांना उंचीफरकाचा परिणाम अवास्तव मोठा दिसतो. हवेचे गणित असेल, तर सर्व क्लबांचे गुणक वरच्याप्रमाणे एकाच्या आसपास राहतात. सरावाच्या मैदानावर एकच क्लब सपाटीवर आणि ज्ञात उतारावर मारून पाहिला की दोनचार फटक्यांत खात्री पटते.

लॉफ्ट बदलण्याचे परिणाम

फटक्यापूर्वी लॉफ्ट वाढवला की तीन गोष्टी एकदम घडतात. चेंडू अधिक उंच उडतो, फिरकी वाढते आणि पुढे जाण्याचा वेग घटतो. परिणामी हवेतील अंतर कमी होते, अवतरणकोन वाढतो आणि जमिनीवर पडल्यावर चेंडू कमी घरंगळतो. लॉफ्ट कमी केल्यास याच्या उलट घडते: चेंडू सपाट जातो, वाऱ्याला कमी सापडतो आणि पडल्यावर बराच पुढे सरकतो. झाडाच्या फांद्यांखालून काढायचा किंवा समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यात मारायचा फटका असाच सपाट असतो.

वरवर पाहता यात उंचीफरकाचा संबंध दिसत नाही. तो असा आहे. उंचावरील ग्रीनकडे मारलेला चेंडू उड्डाण पूर्ण होण्यापूर्वीच, म्हणजे मार्ग अजून पुरेसा उभा झालेला नसताना, जमिनीला भिडतो. त्याचा कोन सपाट असतो, आणि तो ग्रीनवर टेकल्यावर अपेक्षेपेक्षा पुढे धावतो. खालच्या ग्रीनवर मारलेला चेंडू अधिक वेळ खाली पडत राहतो, उभा येतो आणि लवकर थांबतो. म्हणजे चढावर दोन विरुद्ध चुका संभवतात. हवेतील अंतर कमी पडते म्हणून चेंडू अलीकडच्या खड्ड्यात पडतो. ते टाळण्यासाठी केवळ मोठा क्लब घेतला, तर त्याचा लॉफ्ट मुळातच कमी असल्याने चेंडू आणखी सपाट येऊन ग्रीनच्या मागे जातो. नवख्या खेळाडूंच्या चढावरील तक्रारी बहुतेक याच दुसऱ्या चुकीच्या असतात, कारण पहिली चूक एकदा केली की ती लक्षात राहते.

उपाय म्हणजे मोठा क्लब आणि वाढवलेला लॉफ्ट एकत्र वापरणे. मात्र लॉफ्ट वाढवल्याने पुन्हा अंतर घटते, म्हणून क्लबचा हिशेब परत तपासावा लागतो. हे चक्र एकदा फिरवले की पुरते. दुसऱ्यांदा फिरवून मिळणारा फरक खेळाडूच्या हाताच्या अचूकतेपेक्षा लहान असतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. झेंडा १५० यार्डांवर, ३६ फूट वर. उंचीफरक १२ यार्ड. सपाटीवर १५० यार्डांसाठी ९ आयर्न योग्य ठरला असता. पण चढामुळे ८ आयर्नचा विचार करावा लागणार, आणि त्याचा अवतरणकोन ५० अंशांच्या आसपास धरल्यास १२ गुणिले ०.८४, म्हणजे सुमारे १० यार्ड वाढवायचे. फटका १६० यार्डांचा झाला. वरील मोजमापांत ८ आयर्नचे हवेतील अंतर १६० यार्डच आहे, तेव्हा क्लब ठरल्यासारखा वाटतो. आता ग्रीन उथळ असून मागे उतार आहे, म्हणून लॉफ्ट वाढवायचा आहे. त्या गेममध्ये सरावाच्या मैदानावर लॉफ्टच्या त्या बदलाने ५ यार्ड घटतात असे आढळलेले असेल, तर १६५ यार्डांचा क्लब हवा. ७ आयर्न १७२ यार्ड जातो. तो सुमारे ९६ टक्के ताकदीने मारावा. 'तीन फुटांना एक यार्ड' म्हणणाऱ्याने १६२ यार्ड धरले असते, लॉफ्टचे पाच मिळवून १६७, आणि तोही त्याच क्लबपर्यंत आला असता. आडाखे टिकून राहतात ते यामुळेच.

ताकदीची टक्केवारी आणि अंतर यांचे प्रमाण सर्व गेममध्ये समान नसते. काहींत ९० टक्के ताकद म्हणजे ९० टक्के अंतर, काहींत ते झपाट्याने घटते. म्हणून शक्य तिथे पूर्ण ताकदीच्या जवळचा क्लब निवडणे सुरक्षित असते.

वारा आणि उतार

उतारावरील फटक्यात चेंडू अधिक काळ हवेत राहतो, त्यामुळे वाऱ्यालाही अधिक वेळ मिळतो. दूरवरच्या फटक्याचा चेंडू साधारण सहा सेकंद हवेत असतो आणि शेवटी तो सेकंदाला अठराएक मीटर वेगाने खाली येत असतो. दहा यार्डांच्या उताराने उड्डाणात सुमारे अर्ध्या सेकंदाची भर पडते. वाऱ्याने होणारे विचलन त्यामुळे निदान आठ टक्क्यांनी वाढते. चढावर ते तितकेच घटते. 'गोल्फ क्लॅश' या २०१७ मध्ये आलेल्या मोबाइल गेमच्या खेळाडूंमध्ये लक्ष्यवर्तुळाच्या कड्या मोजून वाऱ्याची दुरुस्ती करण्याची पद्धत रूढ आहे, आणि उंचीफरकानुसार वाऱ्याचा आकडा काही टक्के वाढवण्याचा वा कमी करण्याचा त्यातील प्रघात याच कारणाने समर्थनीय ठरतो.

कॅलिफोर्नियातील पेबल बीचचा सातवा होल या दोन परिणामांचे प्रसिद्ध स्थळ आहे. समुद्रात घुसलेल्या भूशिरावरील हा होल शंभराहून थोड्याच अधिक यार्डांचा असून टीपासून ग्रीन खाली आहे. शांत हवेत तिथे वेज पुरतो. समुद्रावरून वारा सुटला की तेवढ्याच अंतराला मधल्या आयर्नने सपाट फटका मारावा लागतो. अनेक गेममध्ये पेबल बीच असल्यामुळे प्रत्यक्ष मैदान कधीही न पाहिलेल्या खेळाडूंनाही हा होल परिचित असतो.

चेंडू ज्या जमिनीवर ठेवलेला आहे तिचा उतार ही आणखी वेगळी बाब. चढावर उभे राहून मारलेल्या फटक्यात पात्याचा प्रभावी लॉफ्ट वाढतो, चेंडू उंच जातो आणि आखूड पडतो. उतारावर उभे राहिल्यास लॉफ्ट घटतो. चेंडू पायांपेक्षा उंच जागी असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे वळतो, आणि क्लबचा लॉफ्ट जितका जास्त तितका अधिक वळतो. ग्रीन वर असणे आणि चेंडू चढावर असणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की दोन्हींमुळे अंतर घटते. एकच दुरुस्ती करून थांबणारा खेळाडू इथे हमखास फसतो.

पटिंगमधील उंचीफरक

ग्रीनवर चेंडू घरंगळतो, उडत नाही. म्हणून अवतरणकोनाचे सूत्र इथे लागू पडत नाही. खेळाडूंचा नेहमीचा आडाखा असा: प्रत्येक इंच चढाला एक फूट अंतर वाढवा, प्रत्येक इंच उताराला एक फूट कमी करा. हा आडाखा हवेतून आलेला वाटला तरी त्याला भक्कम भौतिक आधार आहे.

ग्रीन किती वेगवान आहे हे स्टिम्पमीटरने मोजतात. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये सुचवलेल्या या साध्या पन्हळीतून चेंडू सेकंदाला सुमारे सहा फूट वेगाने ग्रीनवर सोडला जातो, आणि तो सपाटीवर जितके फूट जातो तो त्या ग्रीनचा अंक. अंक १० असेल, तर चेंडूचा वेग दर सेकंदाला १.८ फुटांनी कमी होतो. घरंगळणाऱ्या भरीव चेंडूची ऊर्जा काही अंशी फिरण्यात साठलेली असते. ती धरून हिशेब केला, तर एक इंच चढण्यासाठी लागणारी ऊर्जा सपाटीवरील सुमारे १३ इंच अंतराइतकी भरते. म्हणजे जवळजवळ एक फूट. अंक ८ असलेल्या मंद ग्रीनवर हेच प्रमाण १० इंच येते आणि १२ अंकाच्या वेगवान ग्रीनवर १५ इंच. तेव्हा २० फुटांवरील कप ४ इंच वर असेल, तर मध्यम ग्रीनवर २४ फुटांचा पट मारावा आणि वेगवान ग्रीनवर २५ फुटांचा.

उतारावर याच हिशेबाची दुसरी बाजू भयावह ठरते. दहा अंकाच्या ग्रीनवर उतार सुमारे ८ टक्क्यांवर गेला, किंवा बारा अंकाच्या ग्रीनवर साडेसहा टक्क्यांवर, तर घर्षण चेंडूला थांबवूच शकत नाही. अशा जागी खेळाडूने कितीही हळू मारले तरी चेंडू सपाटी लागेपर्यंत घरंगळत राहतो. मैदाने स्वतः तयार करण्याची सोय असलेल्या गेममध्ये हौशी रचनाकार तीव्र उतार आणि वेगवान ग्रीन एकत्र आणतात, आणि मग खेळाडू गेमच्या भौतिकीला दोष देतात. बहुतेक वेळा भौतिकी बरोबर असते.

गेममधील विकास

आरंभीच्या गोल्फ गेममध्ये जमिनीला उंचीच नव्हती. निन्टेन्डोचा १९८४ चा 'गोल्फ' होल वरून पाहिलेल्या नकाशासारखा दाखवी. एचएएल लॅबोरेटरीतील सातोरू इवाता यांनी त्याचे प्रोग्रामिंग केले होते. तेच पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. सुरुवात, ताकद आणि अचूकता यांसाठी तीन वेळा कळ दाबण्याची त्यातील पद्धत पुढील कित्येक गेमनी उचलली. ॲक्सेस सॉफ्टवेअरच्या १९८६ च्या 'लीडर बोर्ड'मध्ये खेळाडूच्या मागून दिसणारे त्रिमिती दृश्य होते, पण मैदान म्हणजे पाण्यातील सपाट बेटे. त्याच कंपनीच्या १९९० च्या 'लिंक्स'मध्ये कॅलिफोर्नियातील टोरी पाइन्स हे खरे मैदान चढउतारांसह आले. तेव्हापासून उंचीफरक हा हिशेबाचा भाग बनला.

जपानमध्ये कॅमेलॉट कंपनीने १९९७ मध्ये प्लेस्टेशनसाठी केलेल्या 'एव्हरीबडीज गोल्फ'पासून हलक्याफुलक्या गेमची परंपरा सुरू झाली. या मालिकेत झेंड्यापर्यंतच्या अंतराबरोबर उंचीफरकाचा आकडाही पडद्यावर मिळतो आणि हिशेब खेळाडूवर सोपवला जातो. पात्रे चित्रमय असली तरी हिशेब खेळाडूलाच करावा लागतो. दुसऱ्या बाजूला कॅनडातील एचबी स्टुडिओजच्या २०१४ च्या 'द गोल्फ क्लब'ने मैदान घडवण्याची साधने खेळाडूंच्या हाती दिली. त्या परंपरेतूनच २०२० मध्ये 'पीजीए टूर २के२१' आला. या गेममध्ये फटक्यापूर्वी लॉफ्ट आणि वळण बदलता येते, त्यामुळे वर वर्णिलेले चक्राकार गणित अपरिहार्य ठरते. 'टायगर वूड्स' मालिकेत चेंडू हवेत असताना कळ दाबून त्याला फिरकी देण्याची सोय होती. निसर्गनियमांशी तिचा काही संबंध नव्हता, पण चुकलेली दुरुस्ती उड्डाणात सावरून घेता येई.

आकडा दाखवावा की नाही

उंचीफरक किती उघड करावा याबाबत गेमचे धोरण वेगवेगळे असते. काही गेम केवळ अंतर आणि उंचीफरक दाखवतात. काही 'खेळावयाचे अंतर' म्हणून चढउतार मिळवून तयार झालेला एकच आकडा देतात. दुसऱ्या प्रकारच्या आकड्यात खेळाडूने पुन्हा स्वतःची दुरुस्ती मिळवली, तर चेंडू दुप्पट चुकतो, आणि एका गेममधून दुसऱ्यात गेलेल्यांच्या हातून ही चूक वारंवार होते. नवा गेम सुरू करताना पडद्यावरील अंतर कोणत्या प्रकारचे आहे हे सर्वप्रथम तपासावे. सोपी परीक्षा अशी: मोठ्या उतारावरील टीवर जाऊन पडद्यावरील अंतर आणि नकाशावर मोजलेले अंतर यांची तुलना करायची. दोन्ही समान असतील, तर दुरुस्ती खेळाडूने करायची आहे. वेगळी असतील, तर ती आधीच झालेली आहे.

खऱ्या गोल्फमध्ये हा प्रश्न नियमांनीच सोडवला आहे. २०१९ मध्ये अमलात आलेल्या नियमावलीतील नियम ४.३ अन्वये अंतर मोजणारी साधने वापरता येतात, मात्र त्यांनी उंचीफरक मोजणे निषिद्ध आहे. अनेक दुर्बिणीवजा अंतरमापकांत चढउतार धरून अंतर सांगण्याची सोय असते. स्पर्धेत ती बंद ठेवावी लागते. म्हणजे व्हिडिओ गेम नवशिक्याला पहिल्याच होलवर जो आकडा हाती देतो, तो खेळ चालू असताना मोजून घेण्याची मुभा व्यावसायिकालाही नाही. त्याला डोळ्यांनी दिसणारा उतार, आधी चालून पाहिलेले मैदान आणि कॅडीची वही यांवर विसंबावे लागते. काही गेमच्या कठीण पातळीवर हीच परिस्थिती आणण्यासाठी पडद्यावरील मदत बंद करता येते. त्या पातळीवर खेळताना प्रत्येक क्लबचा अवतरणकोन निदान तीन गटांत लक्षात ठेवला तरी पुरतो: ड्रायव्हरला उंचीफरकापेक्षा पाव भाग अधिक, वूडला जवळजवळ तेवढाच, आणि आयर्न व वेजना सुमारे एकपंचमांश कमी.